मेळाव्याच्या वाटेवरचा धूर

(पक्षाच्या जिल्हा कार्यकर्ता शिबिरात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आज दुपारच्या सत्रात आपल्यापुढे जो ठराव यावयाचा आहे, त्यावर सकाळीच थोडे बोलावे असे संयोजकांनी मला सांगितले आहे. ठराव युवक साथींचा आहे. मे महिन्यात मुंबईत भरवावयाचा आपला राज्यव्यापी मेळावा रद्द करावा आणि त्याऐवजी सर्व जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी बसून पडद्यावर नेत्यांची भाषणे ऐकावीत, असे त्यात म्हटले आहे. कारण असे दिले आहे की, लाखभर माणसांनी हजारो वाहनांतून शेकडो किलोमीटर जावयाचे आणि तेथे जाऊन हवामानबदलावर टाळ्या वाजवावयाच्या, हे आपल्याला शोभत नाही.

हा ठराव मी प्रथम वाचला तेव्हा मला हसू आले, हे कबूल केले पाहिजे. ज्यांच्या सभांना मैदान भरत नाही त्यांनी गर्दीच्या धुराची चिंता करावी, हे मला उपाशी माणसाने अपचनावर औषध शोधण्यासारखे वाटले. पण ठरावाखाली सही करणाऱ्यांत माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. ती परीक्षेतही प्रश्नाचे उत्तर देण्याऐवजी प्रश्नच तपासत असे, आणि त्यामुळे तिचे गुण कमी होत. तेव्हा हसणे बाजूला ठेवून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जे निघाले ते तुमच्यापुढे ठेवतो. ते पूर्णपणे ठरावाच्या बाजूचे नाही आणि पूर्णपणे विरुद्धही नाही.

प्रथम हिशेब. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कर्बवायू हवेत जातो. हा रसायनशास्त्राचा हिशेब आहे, त्यात पक्षोपपक्ष नाहीत. आपली एस.टी. एका लिटरला साधारण पाच किलोमीटर धावते. मेळाव्याला एक लाख माणसे आली, सरासरी दीडशे किलोमीटरांवरून आली, आणि सगळी एस.टी.ने आली असे धरा. (लाखाचा आकडा ठरावातलाच आहे, मी केवळ आदराने स्वीकारला.) एका गाडीत पन्नास, म्हणजे दोन हजार गाड्या. जाऊन-येऊन प्रत्येकी तीनशे किलोमीटर, म्हणजे एकूण सहा लाख किलोमीटर, म्हणजे एक लाख वीस हजार लिटर डिझेल. कर्बवायू सुमारे ३२० टन. आगारातून गाडी रिकामी निघते, गावोगावी माणसे गोळा करते, परत सोडून पुन्हा रिकामी आगारात जाते. या रिकाम्या फेऱ्या एक पंचमांश धरल्या तर आकडा ३८५ टनांच्या आसपास जातो.

आकडा ऐकताना मोठा वाटतो. पण डोईमागे तो चार किलोंच्या आतबाहेर आहे. भारतात एका माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन कर्बवायू निघतो, म्हणजे दिवसाला साडेपाच किलो. हीसुद्धा सरासरी आहे. तिच्यात बंगल्यातले वातानुकूलन आणि पाड्यावरची चूल एकत्र ढवळलेली आहेत, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये. तर मेळाव्याला येणारा शेतमजूर त्या दिवशी प्रवासापोटी जो धूर करतो तो सरासरी भारतीयाच्या एका दिवसाच्या धुराहूनही कमी आहे. विमानाने मुंबईहून दिल्लीला जाऊन परत येणारा एकटा प्रवासी सुमारे २०० किलो खर्ची घालतो. त्यात आपली पन्नास माणसे मेळाव्याला जाऊन येतात.

आणखी एक तुलना करतो, कारण ठरावाच्या मजकुरात जागतिक परिषदांचा आदर्श म्हणून उल्लेख आहे. २०२१ साली ग्लासगो येथे हवामानबदलावर संयुक्त राष्ट्रांची २६ वी परिषद भरली. तिचा एकूण धूर १ लाख टनांच्या थोडा वर जाईल आणि त्यातला सुमारे ६० टक्के आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाचा असेल, असा प्राथमिक अंदाज त्या वेळी प्रसिद्ध झाला होता. उपस्थिती सुमारे चाळीस हजारांची. म्हणजे एका प्रतिनिधीमागे अडीच टन. पृथ्वी कशी वाचवावी याची चर्चा करण्यासाठी एका माणसाने पंधरवड्यात जेवढा कर्बवायू खर्च केला तेवढा सरासरी भारतीय वर्षभरातही करीत नाही. त्या परिषदा भरवू नयेत असे मी म्हणणार नाही. बेटांवरच्या लहान राष्ट्रांचे प्रतिनिधी तेथे प्रत्यक्ष उभे राहून बोलतात म्हणूनच थोडेफार ऐकले जाते. पण गर्दीला उपदेश करण्याचा अधिकार त्या सभागृहांतून आणता येणार नाही.

येथपर्यंत ऐकून काही ज्येष्ठ साथींच्या चेहऱ्यावर समाधान दिसू लागले आहे. त्यांनी थोडे थांबावे.

मी सगळे एस.टी.ने येतात असे धरले होते. आपण तसे येतो काय? मागच्या मेळाव्याला वाहनतळावर मी स्वतः फिरलो. पाचशे मोटारी असाव्यात, आणि एकेका मोटारीत सरासरी तीनच माणसे. तेवढ्याच अंतराला, लिटरमागे बारा किलोमीटर धरले तर, एक मोटार २५ लिटर डिझेल आणि ६७ किलो कर्बवायू खाते. माणशी २२ किलो, म्हणजे एस.टी.तल्या साथीच्या साडेपाच पट. पाचशे मोटारींतली ही दीड हजार माणसे उपस्थितांच्या शेकडा दीड होतात. धुरात त्यांचा वाटा शेकडा आठ. भांडवलशाहीतील उत्पन्नाच्या विषम वाटपावर मी पस्तीस वर्षे वर्गात बोललो. ती विषमता आपल्या वाहनतळावर इतकी सुबक आढळेल असे वाटले नव्हते. हेलिकॉप्टरने उतरणाऱ्यांची गोष्ट तर वेगळीच. जातीनुसार ते यंत्र तासाला २०० ते ४०० लिटर इंधन पिते. दिवसात दोन तास उडाले तर दीड टनाच्या आसपास कर्बवायू होतो, म्हणजे एस.टी.तल्या पावणेचारशे माणसांचा. आपल्या पक्षाला हेलिकॉप्टर परवडत नाही, हे आपले पुण्य आहे असे समजू नका. मागच्या निवडणुकीत आघाडीतल्या मोठ्या भावाच्या हेलिकॉप्टरमध्ये एक जागा मिळावी म्हणून आपल्यात काय चालले होते, ते मला ठाऊक आहे.

अर्थशास्त्रात एक कल्पना आहे. पिगू या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९२० च्या आपल्या ग्रंथात ती मांडली, आणि १९५० मध्ये काप यांनी खासगी उद्योगाचा सामाजिक परिव्यय म्हणून ती अधिक तिखट केली. व्यवहार करणारे दोघे आपसात किंमत ठरवतात, पण त्या व्यवहाराचा काही बोजा व्यवहारात नसलेल्या तिसऱ्याच माणसावर पडतो. कारखाना आणि गिऱ्हाईक यांचा सौदा होतो, खोकला मात्र शेजारच्या वस्तीला लागतो. मेळाव्याच्या हिशेबात हा तिसरा माणूस कोण? धुराच्या बाबतीत तो दूरचा आणि अनोळखी आहे. पण एक तिसरा माणूस अगदी जवळचा आहे, आणि तो मला भेटला आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अशाच एका मेळाव्याहून मी परतत होतो. पुढच्या गावी व्याख्यान होते म्हणून आमच्या गाडीतून मधल्या एका तालुक्याच्या ठिकाणी उतरलो. संध्याकाळचे सात वाजले होते. स्थानकाच्या बाकावर एक बाई बसली होती, पायाशी दोन कोंबड्या बांधलेल्या आणि मिरच्यांचे अर्धे रिकामे गाठोडे. त्या दिवशी त्या गावचा आठवड्याचा बाजार होता. तिने मला विचारले, "दादा, वरच्या गावची गाडी कधी लागंल?" चौकशीच्या खिडकीवर जाऊन मी विचारले. नियंत्रकांनी माझ्या खिशावरच्या बिल्ल्याकडे पाहिले आणि शांतपणे सांगितले की दुपारपासूनच्या सात फेऱ्या रद्द आहेत, गाड्या मेळाव्याला गेल्या आहेत. कोणाच्या मेळाव्याला, हे विचारण्याची मला गरज नव्हती. त्या बाईला मात्र होती. परत येऊन मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "कुनाचा मेळावा?" मी बिल्ला काढून खिशात ठेवला होता. उत्तर मी दिले नाही. ती रात्र तिने स्थानकावर काढली. मी व्याख्यानाला गेलो. विषय ग्रामीण विकास असा होता.

साथींनो, एस.टी. भाड्याने घेतली, पावती फाडली, पैसे भरले, म्हणजे खर्च संपला असे आपण मानतो. पण गाडीचा खरा खर्च म्हणजे ती गाडी त्या दिवशी जे काम करू शकली नाही ते काम. वर्गात आम्ही याला संधी परिव्यय म्हणतो. दोन-तीन रुपयांच्या नफ्यासाठी मिरच्या घेऊन बाजाराला आलेल्या बाईने तो खर्च भरला, आणि तिला पावतीसुद्धा मिळाली नाही. याला केवळ आपणच जबाबदार नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईत दसऱ्याचे मेळावे झाले तेव्हा एस.टी.च्या हजारावर गाड्या त्यासाठी गुंतल्याच्या बातम्या आल्या होत्या. मोठे पक्ष मोठ्या प्रमाणात करतात, आपण लहान प्रमाणात करतो. फरक ऐपतीचा आहे. जिच्यामुळे महाराष्ट्रातला गरीब माणूस मोटारसायकलीचे कर्ज न काढता तालुक्याला जाऊ शकतो, ती एस.टी. हेच या राज्यातले सर्वांत मोठे पर्यावरणरक्षण आहे असे मी मानतो. तिचा भरवसा एकदा गेला की माणूस वडापकडे वळतो, ऐपत आली की दुचाकीकडे, आणि मग परत येत नाही. बाजाराच्या दिवशी सात फेऱ्या रद्द करून आपण जो धूर पेरतो, तो माझ्या ३८५ टनांत कोठेच धरलेला नाही.

तर मग ठराव संमत करून घरी बसावे काय? नाही. आणि का नाही, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण मतभेदाचा खरा गाभा येथे आहे.

पर्यावरणाच्या नावाने माणसांना एकत्र येऊ न देण्याची युक्ती आपल्या युवक साथींनी शोधलेली नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीत जंतरमंतरवरची सर्व धरणी आणि निदर्शने बंद करण्याचा आदेश दिला. कारण आवाजाचे प्रदूषण आणि परिसराची घाण. देशाच्या कानाकोपऱ्यांतून न्याय मागण्यासाठी येणारी माणसे, त्यांचे भोंगे, त्यांचा उघड्यावरचा संसार, हे सारे प्रदूषणाच्या सदरात जमा झाले. पुढे मजदूर किसान शक्ती संघटन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०१८ मध्ये न्यायालयाने ती सरसकट बंदी उठवली. रहिवाशांना शांततेचा हक्क आहे हेही न्यायालयाने मान्य केले, आणि दोहोंचा मेळ घालणारे नियम करण्यास पोलिसांना सांगितले. रहिवाशांची तक्रार खोटी होती असे मीही म्हणणार नाही. पण नऊ महिने राजधानीतली ती जागा गप्प राहिली. 

दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जे घडते ते पाहा. विदर्भ-मराठवाड्यातून लाखो माणसे येतात. बहुसंख्य रेल्वेने येतात, जादा गाड्या सोडाव्या लागतात. शिवाजी पार्कवर मंडपात झोपतात, पुस्तके विकत घेतात, आणि परत जातात. मोटारीने फार थोडे येतात. माणशी हिशेब केला तर एवढ्या मोठ्या मेळाव्यांत इतका कमी धूर करणारा दुसरा मेळावा मला या राज्यात दाखवता येणार नाही. आणि तरीही दादरच्या घराघरांतून त्या आठवड्यात 'घाण' हा शब्द किती वेळा उच्चारला जातो, हे तेथे राहणाऱ्या माझ्या नातलगांकडून मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. पर्यावरणाची काळजी आणि गरिबाच्या सान्निध्याचा तिटकारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण त्या एकाच रुमालाने नाक झाकतात, म्हणून आपण जपून असले पाहिजे.

श्रीमंताला मैदानावर यावे लागत नाही. त्याचा दूरध्वनी पुरतो. ज्याच्याजवळ पैसा नाही, वृत्तपत्र नाही, वकील नाही, त्याच्याजवळ संख्या असते, आणि ती दिसल्याखेरीज मोजली जात नाही. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा मोर्चा नाशिकहून निघाला. आपला प्रवाह वेगळा आहे, पण चांगल्याला चांगले म्हटले पाहिजे. ६ तारखेला निघून सुमारे १८० किलोमीटर चालत हजारो आदिवासी आणि शेतकरी १२ तारखेला मुंबईत आझाद मैदानावर पोहोचले. दहावीची परीक्षा चालू होती. मुलांना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी सोमय्या मैदानावरून रात्रीतून चालून पार केला. परतताना त्यांच्यासाठी विशेष रेल्वेगाड्या सोडण्यात आल्या. धूर नाही, रस्ता अडवणे नाही, आणि सरकारला लेखी आश्वासन द्यावे लागले. ती आश्वासने पुढे किती पाळली गेली हा वेगळा विषय आहे, आणि तो मोठा दुःखद आहे. पण पायांवरचे ते फोड पडद्यावर भरलेल्या सभेत दिसले असते काय?

पडद्यावरच्या सभेचा अनुभव आपण २०२० आणि २०२१ मध्ये घेतला आहे. निरुपाय होता, आणि त्या दिवसांत त्या साधनाने संघटना जिवंत ठेवली हे मान्य. तथापि त्या सभांना कोण होते? शिक्षक होते, प्राध्यापक होते, पुण्या-मुंबईचे साथी होते. आपल्या बिडी कामगार भगिनी नव्हत्या, कारण घरातला एकुलता फोन मुलाच्या शाळेसाठी लागत असे. शिवाय त्या सभेत अध्यक्षांच्या बोटाशी वक्त्याचा आवाज बंद करण्याची कळ असते. आजवरच्या सर्व अध्यक्षांनी ज्याची स्वप्ने पाहिली ते साधन विज्ञानाने त्यांना दिले. समाजवाद्यांच्या अधिवेशनात मागच्या रांगेतून उठून व्यासपीठाला खाली बसवण्याची जी परंपरा आहे, तिचा गळा घोटण्यास यापेक्षा स्वस्त उपाय नाही. मी स्वतः या पक्षात आलो तो भाषण ऐकून नव्हे. १९७७ च्या निवडणुकीत, महाविद्यालयात असताना, एका सभेहून परतताना रात्रभर एस.टी.च्या मागच्या बाकावर एका गिरणी कामगाराशेजारी बसलो होतो. सभेत कोण काय बोलले ते आज आठवत नाही. त्या गृहस्थाने आणीबाणीतल्या आपल्या सक्तीच्या रजेबद्दल जे सांगितले ते अक्षरशः आठवते.

तेव्हा प्रवास हा मेळाव्याचा बाहेरचा भाग नाही. प्रश्न एवढाच की कोणी, कोठे, कशाने आणि कधी जावयाचे. या प्रश्नाचा विचार आपल्याआधीच्या पिढ्यांनी आपल्यापेक्षा बारकाईने केला होता.

२९ मार्च १९३० रोजी दांडीयात्रेच्या वाटेवर भाटगाम येथे गांधीजींनी केलेले भाषण युवक साथींनी मिळवून वाचावे. पायी चालणारी ती यात्रा. माझ्या पद्धतीने हिशेब केला तर धूर शून्य. पण गांधीजींच्या लक्षात आले की यात्रेकरूंसाठी सुरतेहून मोटार लॉरीने दूध आणि भाजी येत आहे. रात्री उजेडासाठी रॉकेलची मोठी बत्ती डोक्यावर घेऊन एक मजूर बरोबर पळवला जात आहे, आणि त्याला भरभर चालण्यासाठी हटकले जात आहे. हे पाहून त्यांनी त्या सभेत स्वतःला आणि आपल्या सोबत्यांना सर्वांदेखत दोषी ठरवले. व्हाइसरॉयच्या पगारावर टीका करण्याचा अधिकार आपल्याला उरतो काय, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. ही ऑडिटची वृत्ती आहे. त्यांनी यात्रा रद्द केली नाही. लॉरी आणि डोक्यावरची बत्ती यांना मात्र हरकत घेतली.

आणि दुसरे उदाहरण तर आपल्या घरचे आहे. डिसेंबर १९३६ पर्यंत काँग्रेसची अधिवेशने शहरांत भरत. गांधीजींच्या आग्रहावरून त्या वर्षी ते प्रथमच खेड्यात, पूर्व खानदेशातल्या फैजपूरला भरले. अध्यक्ष जवाहरलाल. नगराची रचना नंदलाल बोस यांनी केली, ती परिसरात मिळणाऱ्या बांबू आणि तत्सम साध्या वस्तूंतून. त्या अधिवेशनासाठी साने गुरुजी खानदेशातल्या गावांतून हिंडले. खेड्यातल्या माणसाने राष्ट्रसभा पाहण्यासाठी मुंबई-कलकत्त्याला जाण्याऐवजी राष्ट्रसभा त्याच्याकडे जावी, हा त्यामागचा विचार होता. आजच्या भाषेत सांगायचे तर प्रवासाचा बोजा अनेकांवरून काढून थोड्यांवर टाकण्यात आला. शेतकऱ्याच्या प्रश्नांवरचा काँग्रेसचा कार्यक्रम त्याच फैजपूरला मंजूर झाला, हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. जमीन ज्या गावात आहे त्या गावात बसल्यावर जमिनीचा विषय टाळणे अवघड जाते.

आपण मात्र उलट करतो. नेता एका जागी, माणसे त्याच्याकडे. एसएम आणि नानासाहेब एस.टी.ने आणि रेल्वेच्या साध्या डब्यातून महाराष्ट्र पालथा घालत. लोकांनी त्यांच्याकडे यावे अशी वाट पाहत ते बसले नाहीत. मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर त्यांनी फोमची गादी घातली. त्या फळीवर ते स्वतः झोपले होते म्हणून त्यांना ती सुचली. आज आपले किती पदाधिकारी स्लीपरच्या डब्यातून प्रवास करतात? लांब पल्ल्याच्या कित्येक गाड्यांतून स्लीपरचे डबे घटत गेले आणि वातानुकूलित वाढले, तेव्हा आपल्याकडून त्यावर एक पत्रकही निघाले नाही. आपण त्या डब्यात नव्हतोच.

उन्हाचा विषय राहिला. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला शासकीय पुरस्काराचा सोहळा भर दुपारी उघड्या मैदानावर झाला. उष्माघाताने दहांहून अधिक माणसे दगावली. मंडप व्यासपीठावर होता. हवामान बदलते आहे याचा याहून ढळढळीत पुरावा आणि त्याचा भार कोणावर पडतो याचे याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही. असे असताना आपल्या कार्यकारिणीने मे महिना निवडलाच कसा? १ मेचे भावनिक महत्त्व मला समजते. पण माणसे मारून कामगार दिन साजरा करता येत नाही. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्यांवर बोलणार होतो, परंतु माठ आणि टँकर ठेवावेत इतकी साधी गोष्ट आहे ती. त्यासाठी अर्थशास्त्र नको, आदल्या दिवशी मैदानावर जाणारे दहा स्वयंसेवक हवेत.

मोर्चा आणि अधिवेशन यांत आपण गल्लत करतो, असे मला शेवटी सांगावयाचे आहे. मोर्चा सरकारच्या दारातच गेला पाहिजे. सरकार मुंबईत बसते तोवर मुंबईचा प्रवास अटळ आहे, आणि त्या प्रवासाच्या धुराची लाज बाळगण्याचे मला कारण दिसत नाही. अधिवेशन मात्र कोठेही भरू शकते. रेल्वेचे एखादे जंक्शन पाहावे. जी गाडी आपण बसलो नाही तरी धावणारच आहे, तिच्यात बसण्याचा जादा धूर नगण्य असतो. मला प्रथम मनमाड सुचले होते. पण तेथल्या लोकांना आठवड्यांच्या अंतराने नळाचे पाणी मिळत आले आहे, त्यांच्यावर हजारो पाहुणे घालणे हे नवे पाप होईल. भुसावळ चालेल, डिसेंबरात. फैजपूरही तेथून जवळ आहे. कोकण आणि कोल्हापूरच्या साथींना ते लांब पडेल, हे मला दिसते, आणि ते ओरडतील तेव्हा त्यांचे म्हणणे रास्त असेल. त्यांना आलटूनपालटून जवळ पडेल अशी व्यवस्था कार्यकारिणीने करावी. आणि तिसरा प्रकार, म्हणजे ज्यात ना मागणी असते ना चर्चा, केवळ गर्दीचे छायाचित्र काढून आघाडीच्या जागावाटपात दाखवावयाचे असते, तो मेळावा. मेचा मेळावा या तिसऱ्या प्रकारचा आहे की काय, याचे उत्तर व्यासपीठावरील साथींनी दुपारी द्यावे. युवक साथींच्या ठरावामागे हाच संशय असावा आणि धूर हे सभ्य कारण असावे, असा माझा तर्क आहे. चूक असल्यास माझ्या विद्यार्थिनीने मला खाली बसवावे.

म्हणून मी मूळ ठरावाला एक उपसूचना देत आहे. ती वाचतो. "मेळावा रद्द न करता तो अधिवेशन म्हणून डिसेंबरात रेल्वे जंक्शनच्या गावी भरवावा. कोणत्याही तालुक्यात आठवडी बाजाराच्या किंवा परीक्षेच्या दिवशी एस.टी.च्या नियमित फेऱ्या भाड्याने घेऊ नयेत. आमदार व राज्य पदाधिकारी यांनी आपापल्या जिल्ह्यातील कार्यकर्त्यांसोबत त्याच गाडीने प्रवास करावा. कोण किती जणांसह कोणत्या वाहनाने आले याचा तक्ता जमाखर्चाबरोबर साप्ताहिकात प्रसिद्ध करावा." चौथ्या वाक्याला सर्वांत जास्त विरोध होईल हे मी जाणून आहे. माझ्या नावापुढे त्या तक्त्यात दोन वर्षांपूर्वीची ती मोटार लिहावी लागली असती, तिच्यात आम्ही दोघेच होतो.

उपसूचनेला अनुमोदक हवा आहे. दुपारी तीनपर्यंत नाव अध्यक्षांकडे द्यावे.